नोकरी सुटतेय, कंपनीचा मेडिक्लेम जातोय, आता घरची पॉलिसी कशी घ्यायची?

प्रश्न विचारणारे गोव्यातल्या फोंड्याचे, वय ४३. वेर्ण्याच्या एका कंपनीत सहा वर्षं होते, आता लाईन बंद होतेय म्हणून महिनाअखेर शेवटचा दिवस. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम ३ लाखांचा, त्यात स्वतः, बायको आणि दोन पोरं. आई ७१ वर्षांची, तिला डायबिटीस, ती कंपनीच्या पॉलिसीत कधी नव्हतीच. स्वतःला बीपीची गोळी चालू आहे. विचारतात की दीनदयाळ या गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे, बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल आहे, तर दुसरी नोकरी लागेपर्यंत थांबलो तर चालेल का? घ्यायचीच तर कुठली घेऊ? बीपी लिहिलं तर प्रीमियम वाढतो म्हणतात ते खरं का? आणि नवीन नोकरी लागली की ही पॉलिसी बंद केली तर?

मी याच धंद्यात आहे, बरीच वर्षं. फोंडा, कुंडई, वेर्णा या पट्ट्यातली नोकरी गेलेली माणसं माझ्याकडे येतच असतात, खाणी बंद पडल्या तेव्हा तर रांग होती. पॉलिसी विकली की मला कमिशन मिळतं, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवून वाचा.

थांबू नका, हे पहिलं उत्तर. आणि कुठली पॉलिसी, कुठली कंपनी हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिल्या नंबरचा प्रश्न असा की कंपनीच्या पॉलिसीत तुम्ही जी सहा वर्षं काढली ती तुम्ही बरोबर घेऊन बाहेर पडताय की तिथेच गेटवर सोडून येताय. ३ लाखांचं कव्हर आज ना उद्या कुठेही विकत मिळेल हो, पण ती सहा वर्षं पैसे देऊन मिळत नाहीत.

म्हणजे काय ते सांगतो. स्वतःची नवीन पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मग मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गर्भाशयाची ऑपरेशनं अशा ठराविक गोष्टींना बहुतेक ठिकाणी २ वर्षं थांबावं लागतं. आणि पॉलिसी घ्यायच्या आधीपासून असलेला आजार, तुमच्या बाबतीत बीपी, त्याला जास्तीत जास्त ३ वर्षं. आधी हे ४ वर्षं होतं, २०२४ मध्ये इर्डाने, म्हणजे सरकारच्या विमा नियामकाने, ३ वर केलं. आता बीपीचं वेटिंग म्हणजे नुसतं गोळीचं वेटिंग नव्हे. उद्या हार्टचं काही निघालं, किडनीचं काही निघालं, तर ते बीपीमुळेच झालं असं म्हणायला कंपनीला वाव राहतो. त्रेचाळीसाव्या वर्षी तीन वर्षं असं उघड्यावर राहणं मला तरी पटत नाही.

ग्रुप पॉलिसीत हे वेटिंग बहुधा नसतंच, पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर, म्हणून नोकरीत असताना कुणाला याची जाणीवही होत नाही.

यावर नियमात एक वाट आहे, तिला मायग्रेशन म्हणतात. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच इन्शुरन्स कंपनीची घरगुती पॉलिसी घेता येते आणि ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. तुमची सहा वर्षं झालीत, म्हणजे ३ लाखांपर्यंत वेटिंग संपल्यातच जमा. ३ लाखांपर्यंतच, हे नीट लक्षात घ्या. नवीन पॉलिसी १० लाखांची घेतली तर वरच्या ७ लाखांना वेटिंग पहिल्यापासून लागतं. पण ३ लाख पहिल्या दिवसापासून हातात असणं आणि काहीच नसणं यात फरक आहे ना.

आता हे करायचं कसं, कारण लोक नेमके इथेच अडकतात. कंपनीच्या ई-कार्डवर मोठ्या अक्षरात टीपीएचं, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मधल्या कंपनीचं, नाव असतं, इन्शुरन्स कंपनीचं नाव खाली बारीक. लोक टीपीएला फोन करतात, टीपीएवाला म्हणतो आमच्याकडे असं काही होत नाही, आणि तो खोटं बोलत नाही, त्याचं काम क्लेम बघणं, पॉलिसी देणं नव्हे. तुम्ही एचआरकडून ग्रुप पॉलिसीचा नंबर आणि इन्शुरन्स कंपनीचं नाव घ्या आणि थेट तिथे ईमेल टाका, विषयात सरळ लिहा की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन हवंय. ईमेलच. तोंडी विचारलं तर पणजीच्या ब्रँचमधला माणूस सुद्धा कधी कधी सांगतो, अहो नवीनच घ्या, सोपं पडेल. त्याला सोपं पडेल, तुम्हाला नाही.

एचआरकडून आणखी एक कागद मागा, कव्हरेज सर्टिफिकेट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कोण कोण कव्हर होतं ते लिहिलेलं. मधल्या काळात कंपनीने इन्शुरन्स कंपनी बदलली असेल तर प्रत्येक वर्षाचं मागा. क्लेम झाले असतील तर त्यांचे कागद. हे सगळं शेवटच्या दिवसाच्या आधी, कारण नंतर तुमचा ऑफिसचा ईमेल बंद होतो, एचआरमधली मुलगी पण कदाचित त्याच यादीत असते, आणि मग कोण कुणाला सर्टिफिकेट देतोय.

मायग्रेशन मागितलं म्हणजे मिळालंच असं नाही, हेही सांगून ठेवतो. ग्रुपमधून येणाऱ्याची तब्येत तपासून, जादा प्रीमियम लावून किंवा नाही म्हणून सांगायचा अधिकार कंपनीला आहे. पण बीपी गोळीवर आटोक्यात असलेल्या ४३ वर्षांच्या माणसाला सहसा नकार येत नाही. आलाच तर लेखी मागा. आणि त्याच कंपनीची पॉलिसी आवडत नसेल तरी आधी तिथेच शिरा, वर्षभर काढा, मग रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी दुसऱ्या कंपनीत पोर्टेबिलिटीचा अर्ज टाका, काढलेली वर्षं तिकडेही मोजली जातात.

तारखेचं बघा. महिनाअखेरनंतर थोडे दिवस तरी कव्हर चालेल असं धरू नका. बहुतेक ठिकाणी कव्हर शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं. सोडून गेलेल्यांची नावं एचआर इन्शुरन्स कंपनीला कळवते, नाव त्या तारखेपासून कापलं जातं आणि उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम कंपनीच्या खात्यात परत येतो. म्हणून एक गोष्ट मागून बघायला हरकत नाही. पैसे, ग्रॅच्युइटी यावर बोलणी चालली असतील तेव्हा म्हणा की पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत आमची नावं काढू नका. कंपनीचा प्रीमियम आधीच भरलेला असतो, खर्च नवा नाही. काही कंपन्या मानतात, काही नाही मानत, पण लाईन बंद करताना एकदम पंधरा-वीस माणसांनी मिळून मागितलं की मानण्याची शक्यता वाढते. आणि घरात कुणाचं एखादं ठरलेलं ऑपरेशन चवथीनंतर करू म्हणून ढकललेलं असेल तर ते आत्ता, कव्हर असतानाच उरकून घ्या.

आता दीनदयाळ. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, गोव्यात ५ वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला मिळते, तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. योजना चांगली आहे, माझ्या ओळखीतल्या कित्येकांचं तिने निभावलंय, कार्ड चालू ठेवा, रिन्यूअल विसरू नका. पण ती पॅकेजवर चालते. म्हणजे आजार किंवा ऑपरेशन त्यांच्या यादीत बसलं पाहिजे, हॉस्पिटल त्यांच्या यादीत पाहिजे, आणि खर्च त्यांनी ठरवलेल्या रकमेत बसला पाहिजे. गोव्याबाहेर न्यायची पाळी आली तर भिस्त ठेवू नका.

बांबोळीचं तर मी काय सांगू. गोंयकाराला जीएमसीसारखा, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसारखा, आधार नाही, मोठा अपघात झाला तर मी स्वतः माझ्या माणसाला आधी तिथेच नेईन. पण तिथे गर्दी आहे, ठरवून करायच्या ऑपरेशनला तारीख कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. नोकरी नसलेल्या घरात एक माणूस खाटेवर आणि दुसरा महिनाभर तारखेची वाट बघत बसला की तोही खर्चच आहे, फक्त बिलावर दिसत नाही. दीनदयाळ आणि बांबोळी हा खालचा पाया समजा, त्यावर पॉलिसी. पायावर झोपता येत नाही.

तुमच्याबरोबर सुटलेल्यांत ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत होता आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात होता, त्यांचं वेगळं आहे. त्यांची सोय नोकरी गेल्या दिवशी लगेच तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात पुरेसे दिवस भरले असतील तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. त्यांनी आधी ईएसआयच्या ऑफिसात जाऊन आपलं कुठपर्यंत चालू आहे ते बघावं, मग पॉलिसीला पैसे घालावेत.

आईचं. आईला तुमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत, घालू नका, कितीही कुणी सांगितलं तरी. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर बेततात, म्हणजे ७१ वर्षांच्या बाईच्या दराने तुमच्या आठ वर्षांच्या पोराचा पण विमा, आणि वर आईचा एक मोठा क्लेम झाला की त्या वर्षी बाकीच्यांना काही उरत नाही. आईचं वय सत्तरच्या वर आहे, तर आधी तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, आधार लागतो, बाकी फार काही नाही, आणि जुन्या आजारांना वेटिंग नाही. जवळची कुठली हॉस्पिटलं त्यात आहेत ते मात्र आधीच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता नव्हे. हातात पैसे आले की तिला वेगळी सीनियरची पॉलिसी बघू. पूर्वी ६५ च्या वर बऱ्याच ठिकाणी दार बंद असायचं, आता एप्रिल २०२४ पासून वयाची ती अट गेलीय, पण प्रीमियम जड असतो आणि को-पे लावतात, म्हणजे प्रत्येक बिलात ठराविक टक्के तुमचे. नोकरी नसताना तो बोजा लगेच घ्या असं मी म्हणणार नाही.

मग तुम्हा चौघांची पॉलिसी. १० लाखांचं फ्लोटर बघा. अगदीच ओढाताण असेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर ५ लाखांच्या पुढचं भरणारा सुपर टॉप-अप, हे जोडकाम स्वस्तात बसतं. सुपर शब्द नीट बघून घ्या. नुसता टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं धरतो, ३ लाखांची दोन बिलं झाली तर दोन्ही ५ च्या आत म्हणून काही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो. एक बरं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे कुणी जुना हिशोब दाखवून जीएसटीसकट रक्कम सांगत असेल तर नवीन कोटेशन मागा. महिन्याच्या हप्त्याने पण भरता येतं, पण हप्ता चुकला आणि वाढीव मुदतही गेली तर सगळं वेटिंग परत पहिल्यापासून, तर पगार नसलेल्या माणसाने ऑटो डेबिटच्या खात्यात पैसे आहेत का ते बघत राहावं लागतं. मला विचाराल तर शेवटच्या हिशोबाच्या पैशातून वर्षाचा प्रीमियम आधी बाजूला काढा, मग बाकीचं.

प्रीमियमचा आकडा बघून पॉलिसी निवडतात सगळे. मी आधी रूम रेंट बघतो. उदाहरण घ्या. ३ लाखांची स्वस्तातली पॉलिसी, रूमला रोज १ टक्का, म्हणजे ३ हजार. मडगावात किंवा पणजीत कुठेतरी ऑपरेशन झालं, ३ हजारांची खोली रिकामी नव्हती किंवा घरच्यांना सेपरेट हवी होती, घेतली ५ हजारांची. चार दिवस. तुम्हाला वाटेल जास्तीचे २ हजार गुणिले चार, ८ हजार खिशातून गेले. तसं नाही. रूम तुमच्या हक्काच्या जितकी वर, त्या प्रमाणात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, व्हिजिट सगळं कापतात. ३ भागिले ५, म्हणजे ६० टक्केच. रूमचे २० हजारांपैकी १२ मिळाले, डॉक्टर-थिएटर वगैरे ९० हजारांपैकी ५४ मिळाले, औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कात्री लागत नाही म्हणून त्याचे ६० हजार पूर्ण. १ लाख ७० हजारांच्या बिलात ४४ हजार तुमचे. आणि हातमोजे, मास्क, असल्या किरकोळ वस्तूंचे वेगळेच. दोनेक हजार प्रीमियम वाचवायला गेलेला माणूस डिस्चार्जच्या काउंटरवर मेहुण्याला फोन लावत उभा असतो, मी बघितलंय. त्यामुळे रूमला मर्यादा नसलेली, निदान सिंगल प्रायव्हेट रूम देणारी पॉलिसीच घ्या.

आरोग्य संजीवनी म्हणून एक ठरलेली पॉलिसी बहुतेक कंपन्या देतात, अटी सगळीकडे सारख्याच. साधी आहे, वाचायला सोपी आहे, पण त्यात रूमला २ टक्के आणि जास्तीत जास्त रोज ५ हजार, शिवाय प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के तुमचे. दुसरं काही परवडतच नसेल तर घ्या, काही नसण्यापेक्षा हजार पटीने बरी.

गोव्यासाठी म्हणून आणखी एक. पुष्कळ कंपन्या शहरांचे झोन पाडतात आणि मुंबई-दिल्ली महाग झोनमध्ये धरतात. आपल्या पिनकोडवर प्रीमियम कमी दिसतो, छान वाटतं. पण आपल्याकडचा माणूस मोठं काही निघालं की बेळगाव, मणिपाल नाहीतर मुंबई गाठतो. स्वस्त झोनची पॉलिसी घेऊन मुंबईत ॲडमिट झालात तर काही पॉलिसींत को-पे लागतो. कलम बारीक अक्षरात असतं, विचारून घ्या. कॅशलेसच्या यादीत फोंडा, पणजी, मडगाव, म्हापसा इथली तुम्ही खरोखर जाता ती हॉस्पिटलं आहेत का तेही, देशात अमुक हजार हॉस्पिटलं या जाहिरातीचा आपल्याला काय उपयोग.

बीपी लिहायचं का. लिहायचं. प्रीमियम वाढेल का, हो, थोडा वाढू शकतो. लिहू नका म्हणणारा माणूस क्लेमच्या वेळी तुमच्या शेजारी उभा नसणार. आणि हे लपत नाही. ॲडमिट करताना ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, बीपी किती वर्षं? घाबरलेली बायको सांगते, पाच वर्षं झाली, रोज सकाळी गोळी घेतात. तो केसपेपरवर लिहितो, आणि क्लेम तपासणारा माणूस सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो. पॉलिसीची तारीख काल-परवाची असली की मग पत्रव्यवहार सुरू, क्लेम तर जातोच, पॉलिसी पण रद्द होऊ शकते. सलग ५ वर्षं झाल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर कंपनीला अशी हरकत घेता येत नाही, पूर्वी ही मुदत ८ वर्षं होती, पण त्या भरवशावर खोटं लिहायचं म्हणजे पाच वर्षं कुणी आजारी पडू नये म्हणून नवस बोलायचा. बायकोचं थायरॉईड असेल तर ते, बारा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स, सिगरेट, आणि रविवारची फेणी, सगळं लिहा. फॉर्म एजंट भरत असेल तर सही किंवा ओटीपी द्यायच्या आधी मोबाईलवर मागवून प्रत्येक उत्तर स्वतः वाचा, कारण तब्येतीच्या सगळ्या रकान्यात फटाफट नाही, नाही टिक करत जाणारे आमच्यात कमी नाहीत.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस फ्री-लूक असतो, पटली नाही तर परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. त्या दिवसांत एक संध्याकाळ काढून बघा की मायग्रेशन असेल तर जुन्या वर्षांची नोंद सर्टिफिकेटवर छापलीय का. नसेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

बँकेतून फोन येईल, खातेदारांसाठी खास, ५ लाख, फारच स्वस्त. ती बहुधा ग्रुप पॉलिसीच असते, बँकेने आणि इन्शुरन्स कंपनीने करार मोडला की तुम्ही परत रस्त्यावर. एका ग्रुपमधून बाहेर पडून दुसऱ्या ग्रुपमध्ये कशाला जाताय. डिस्काउंट कार्डं, रोज हजार रुपये देणारी हॉस्पिटल कॅश, हे पण मेडिक्लेम नव्हे.

हेल्थ पॉलिसीच्या प्रीमियमवरची इन्कम टॅक्सची सवलत, जिला लोक ८०डी म्हणतात, ती फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत मिळते, नवीन पद्धत घेतली असेल तर तिच्यासाठी पॉलिसी निवडू नका.

क्लेमला त्रास दिला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी, मग इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ नंबर, आणि तरी नाही झालं तर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. कॅशलेसला एका तासात उत्तर आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासात अंतिम मंजुरी असा २०२४ चा नियम आहे, काउंटरवर तो माहीत असल्यासारखं बोललं तरी काम जरा लवकर हलतं.

नवीन नोकरी लागली की ही बंद करू का, हे शेवटचं. नका करू. नवीन कंपनीचं कव्हर वापरा, कमी पडलं तर उरलेलं आपल्या पॉलिसीतून मागता येतं. फारच जड वाटलं तर रिन्यूअलला रक्कम कमी करून घ्या, पण खंड पाडू नका. आत्ता तुम्ही सहा वर्षं वाचवायला धडपडताय, दोन वर्षांनी नवीन कंपनीने पण लाईन बंद केली तर कुणाला ईमेल टाकत बसायची गरजच पडणार नाही.

आज काय करायचं तर एचआरकडून पॉलिसी नंबर आणि सर्टिफिकेट मागा आणि संध्याकाळपर्यंत तो ईमेल टाका. उत्तर काय येतं ते कळलं की कुठली पॉलिसी ते ठरवू, त्याला अर्धा तास पण लागत नाही.